हातावरचे अक्षर



या वेळी बी-बियाण्याचा विषय जरा बाजूला ठेवतो. गेल्या आठवड्यात धारूरच्या बाजारात ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा भेटला. पोरगा सैन्यभरतीची तयारी करतो, रोज पहाटे घाटात धावतो. त्याने मोबाइलवर दोन चिनी अक्षरे दाखवली. म्हणाला, "काका, हे दंडावर गोंदून घेणार हाय. याचा अर्थ शक्ती."

मी विचारले, "कुणी सांगितले?" तर म्हणे, गोंदणाऱ्याच्या वहीत तसे लिहिले आहे. त्या गोंदणाऱ्याला चिनी वाचता येते का, याला मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हते.

हे वेड आपल्याकडे नवे असले तरी अमेरिका-युरोपात जुने आहे. तिकडची माणसे चिनी-जपानी अक्षरे हौसेने अंगावर काढून घेतात आणि पुष्कळदा फसतात. अरियाना ग्रांडे नावाच्या अमेरिकन गायिकेचे 'सात अंगठ्या' अशा अर्थाच्या नावाचे गाणे गाजले. २०१९ साली तिने ते नाव जपानी अक्षरांत तळहातावर गोंदले. दुखणे फार, म्हणून मधली अक्षरे गाळली. उरलेल्या दोन अक्षरांचा जपानीत अर्थ होतो कोळशाची लहान शेगडी! आपल्याकडे 'चौ' आणि 'रंग' जोडले की चार रंग होत नाहीत, बसायचा चौरंग होतो, तसेच हे. चिनी लिपीत तर 'मोठा' या अक्षरावर एक ठिपका जास्त पडला की 'कुत्रा' होतो.

आपली लिपीही यातून सुटली नाही. इंग्लंडचा फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम याने २००० साली बायकोचे नाव देवनागरीत हातावर गोंदले. हिंदी जाणणारे म्हणाले, 'व'च्या पुढे 'ह' जास्त पडला, नाव चुकले. पण आपण मराठी माणसे व्हिक्टोरिया असेच लिहितो. म्हणजे अक्षर बरोबर की चूक, हे वाचणाराच ठरवतो. ज्याच्या हातावर ते आहे, त्याला त्यातले काही कळत नाही.

मला हसू आले नाही, कारण माझ्या आईचा हात आठवला. लग्नानंतर आमच्या आत्याबाईंनी तिला गोंदणारणीपुढे बसवले. कपाळावर ठिपके, मनगटावर तुळस आणि पुढच्या हातावर वडिलांचे नाव. आईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, म्हणून आत्याबाईंनीच ते सांगितले. सांगणारी, काढणारी, काढून घेणारी, तिघींपैकी एकीलाही वाचता येत नव्हते. मी दुसरीत गेलो आणि चुलीपाशी बसून तिचा हात मोठ्याने वाचला. नावाचा शेवटचा उकार राहून गेला होता. हातावर नुसता 'दगड' होता.

वडील पोट धरून हसले. आई हसली नाही. तिने पदर हातावर ओढला. पुढे कोणी पाहुणा आला की तोच हात झाकायची. काजळीचा रंग वरच्या कातडीखाली बसतो, तो धुऊन जात नाही. पण त्याच जूनमध्ये तिने माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत नेऊन बसवले. घरच्यांनी विरोध केला, तेव्हा एवढेच म्हणाली, "तिला तिचा हात वाचता आला पायजे."

त्या मुलाला मी तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही सांगतो. सैन्यभरतीत कायमचे गोंदण कोपरापासून मनगटापर्यंत आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागच्या बाजूलाच चालते. आदिवासी जमातींना रूढीप्रमाणे सवलत आहे. दंडावरच्या 'शक्ती'ने पहाटेची सगळी धाव वाया जाईल. दुसरे, जत्रेत एकच सुई अनेकांना टोचली जाते, त्यातून 'ब' कावीळ आणि एड्ससारखे रोग पसरतात. सुई नवी, आपल्यासमोर फोडलेली हवी. तिसरे, गोंदायचेच तर वाचता येईल तेच गोंदावे.

आणि हे नुसत्या कातडीपुरते नाही. औषधाच्या डब्यावरचे न वाचता आपण फवारणी करतोच की! डब्यावरच्या चौकोनाचा खालचा भाग लाल असेल तर विष अतिजहाल, पिवळा असेल तर त्याहून कमी, निळा त्याहून कमी, हिरवा सर्वांत कमी. आतले माहितीपत्रक घरातल्या शाळकरी मुलीकडून वाचून घ्या. त्यात लाज कसली?

आई आता नाही. आमच्याकडे म्हणतात, गोंदण तेवढे माणसाबरोबर जाते. तिच्याबरोबर तो 'दगड'ही गेला. बहीण मात्र पुढे शाळेत बाई झाली.

बरे तर, पुढच्या अंकी भेटू.