काळ्या जमिनीचा हिशेब

बोरघाटात १९२९ नंतर धावू लागलेली विजेची एंजिने उतारावर वेग आवरताना वीज निर्माण करून तारेत परत सोडीत. आजच्या विजेच्या मोटारी तेच करतात. मात्र ना उतार ना थांबे अशा वाटेवर परतावा अल्पच. दुहेरी सौर पॅनेलांचेही तसेच. त्यांची मागली बाजू भुईवरून उसळलेल्या प्रकाशावर चालते, आणि वऱ्हाडची काळी जमीन प्रकाश गिळून बसते! सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या सोनाळ्याच्या शेतकऱ्यास ओलितासाठी रात्री रानात जावे लागू नये, हे कोण अमान्य करील? दिवसा वीज देण्याचा सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू स्तुत्यच होय. तथापि मागल्या बाजूच्या जाहिराती टक्क्यांसाठी सरकारने जादा पैसा मोजण्यापूर्वी ते टक्के याच कपाशीच्या भुईवर, वर्षभर मोजून घ्यावेत.