मुन्शी घाटावर वस्ती आहे



‘काशीला घाटावरच राहा’ हा सल्ला हल्ली प्रत्येक प्रवासलेखात असतो. त्या घाटांवर पिढ्यान्‌पिढ्या संसार करणारी माणसे त्यात कुठेच नसतात, म्हणून हे पत्र.

मुन्शी घाट बांधला नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी. एका अंगाला अहिल्याबाई घाट, दुसऱ्या अंगाला 1915 साली दरभंगा नरेशांकडे गेलेला महाल. तिथे आता हॉटेल आहे. दशाश्वमेधाची गर्दी हाकेच्या अंतरावर, तरी मागच्या गल्ल्यांत चारचाकी शिरत नसल्याने दुपारी वल्ह्यांचा आवाज घरात ऐकू येतो. ही शांतता आता रात्री मोडते. आरतीबद्दल तक्रार नाही, ती आमचीच आहे. तक्रार आहे ती नावांवर आणि गच्च्यांवर लावलेल्या कर्ण्यांची. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद. घाटाला निवासी भाग मानायचेच नाही, असे ठरले आहे का?

पर्यटनावर नावाडी, फुलवाले, पंडे जगतात, हे खरेच. पण प्रत्येक घराचे अतिथीगृह झाले, तर पुरात इथे कोण असेल? गंगेची धोक्याची पातळी 71.26 मीटर, 1978 साली पाणी 73.90 पर्यंत चढले होते. पाणी वाढू लागले की पाहुणे आरक्षण रद्द करतात. शेजाऱ्याच्या म्हातारीला वरच्या मजल्यावर नेतात ते गल्लीतले लोक, आणि पाणी ओसरल्यावर दारातला गाळ उपसतात तेही तेच. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 साली पावणेदोन लाख लोक राहत. आज पन्नास हजारही उरलेले नाहीत. तिथे महाल शाबूत आहेत, शेजार गेला.

काठापासून 200 मीटरच्या आत नवे बांधकाम नको, हा नियम योग्यच आहे. मात्र राहत्या घराचे गळके छत दुरुस्त करायलाही महिनोन्‌महिने खेटे घालावे लागले, तर माणूस कंटाळून घर विकतो, आणि घेणारा बहुधा हॉटेलवालाच असतो. स्वतः राहणाऱ्यांना दुरुस्तीची परवानगी ठरावीक मुदतीत मिळावी आणि मुन्शी घाटापासून चौसट्टी घाटापर्यंत रात्रीचे कर्णे बंद व्हावेत.

महाराष्ट्रातून सहली आणणाऱ्यांनाही विनंती आहे. दहानंतर नावेत गाणी लावू नका, आणि नावाड्याने लावली तर बंद करायला सांगा. तुमचे तो ऐकेल.

— एक मराठी रहिवासी, मुन्शी घाट, वाराणसी