डायग्राम कोडच्या आधी काढायचा असतो, बाइंडिंगच्या आधी नाही!

पोस्ट मोठी आहे. पण ज्यांची लेकरं नांदेड-लातूरकडं कॉम्प्युटर इंजिनिअरिंग नाहीतर पॉलिटेक्निकला आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

परवा आपल्याच भागातल्या एका कॉलेजात एक्स्टर्नल म्हणून गेलो होतो. नाव घेणार नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट. काळं बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. एका ग्रुपनं सोयाबीनच्या भावाचं ॲप केलेलं. रिपोर्ट उघडला, यूज केस डायग्राम बघितला, तर शेतकऱ्याच्या शेजारी उभा कोण? लायब्रेरियन! म्हटलं, बाबा रे, मोंढ्यात लायब्रेरियन कधीपासून बसायला लागला? पोरगा खाली मान घालून म्हणाला, "सर, ॲप आमचंच आहे. डायग्राम मागच्या बॅचचे घेतले, सबमिशनला लागतात म्हणून."

सबमिशनला लागतात म्हणून. सगळा रोग या तीन शब्दांत आहे.

मला पोराचा राग नाही आला. त्याला पहिल्या दिवशी काय शिकवलं? सॉफ्टवेअर उघडा, इथून चौकोन घ्या, इथून बाण ओढा, नाव द्या, प्रिंट काढा, फाइलला लावा, सही घ्या. डायग्राम कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कुणी सांगितलंच नाही. मग त्याच्यासाठी तो घराच्या दारावरच्या तोरणासारखा झाला. घर बांधून झाल्यावर लावायचा.

यूएमएल ही भाषा बूच, रम्बॉ आणि याकोबसन या तिघांनी आपापल्या पद्धती एकत्र करून घडवली, १९९७ ला तिला प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. हेतू साधा होता : काम करवून घेणारा आणि काम करणारा, दोघांनी एकाच कागदाकडं बघून बोलावं. तिच्यात चौदा प्रकारचे डायग्राम आहेत. चौदाच्या चौदा काढा असं कुणीच म्हटलेलं नाही. आपण मात्र जितकी प्रॅक्टिकल तितके डायग्राम, असा हिशेब लावून बसलोय.

आता कुणी म्हणेल, दोन चौकोन चुकले तर काय आभाळ कोसळतं? कोसळतं. २०१७ ची कर्जमाफी आठवा. ऑनलाइन अर्ज, सेवा केंद्रापुढं रांगा, आणि नंतर याद्यांतला घोळ. नियम काय होता? दीड लाखाची मर्यादा कुटुंबाला. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अठरा वर्षांखालची मुलं. आता हे कागदावर मांडून बघा. एका कुटुंबात खातेदार किती? एकाहून जास्त असू शकतात. एका खातेदाराची कर्जखाती किती? सोसायटीचं एक, बँकेचं एक. सातबारा सामाईक, नावं तीन भावांची, पण कुटुंबं तीन वेगळी. मग दीड लाख हा आकडा कोणत्या चौकोनात लिहायचा? कुटुंबाच्या, खातेदाराच्या की खात्याच्या? चुकीच्या चौकोनात लिहिला तर कोड कितीही भारी असू द्या, कुणाला दुप्पट मिळेल आणि कुणी हक्काचा माणूस यादीतून उडेल. हा प्रश्न क्लास डायग्राममध्ये पाच मिनिटांत डोळ्यासमोर येतो. कोडमध्ये तो शेतकरी तहसीलला खेटे घालायला लागल्यावर येतो.

म्हणून पोरांनो, सुरुवात अशी करा. पहिला दिवस कॉम्प्युटर बंद. वही-पेन घ्या आणि मोंढ्यात जा. माल आला, सौदा झाला, वजन झालं, पट्टी हातात पडली. यात कोण कोण होतं, कुणी काय केलं, एवढंच लिहा. शेतकरी, आडत्या, हमाल, खरेदीदार : हे झाले तुमचे ॲक्टर. काठीसारखी माणसं काढा, वाकडी आली तरी चालतील. मग तो कागद एखाद्या आडत्याला दाखवा. "इथं हमाली कुठं कापली?" असं तो विचारेल, तेव्हा तुमचा डायग्राम खरा सुरू होईल.

त्यानंतर सॉफ्टवेअर. ड्रॉ.आयओ फुकट आहे. ब्राउझरमध्ये चालतं आणि डेस्कटॉपवर टाकलं तर नेट नसतानाही चालतं. टाइप करून डायग्राम पाहिजे असेल तर प्लांटयूएमएल आहे, तेही फुकट. चोरीचं जुनं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून फिरवायची काही गरज नाही. आणि नावं मराठीत लिहा की! 'पट्टी' लिहिलं म्हणून कॉम्प्युटर रुसत नाही. एका डायग्रामला एकच प्रश्न. उत्तर मिळालं की थांबा.

"सर, आता एआय कोड लिहितो, डायग्राम कशाला?" हेही ऐकलं. अरे, म्हणूनच तर! लिहायचं काम मशीन करणार असेल, तर काय लिहायचं हे ठरवायचं काम तुमच्याकडं उरलं. मर्यादा कुटुंबाला की खात्याला, हे तुम्हीच सांगितलं नाही तर मशीन मनानं काहीतरी धरून चालेल.

सरांना हात जोडून विनंती. डायग्रामची तपासणी कोड लिहायच्या आधी घ्या. फाइलवर सही करण्याआधी एकच विचारा : हा बाण इथं का? उत्तर आलं नाही तर सही नाही. आईबापांनीही फी भरताना एवढं विचारावं.

लातूर पॅटर्ननं पाठांतर आणि सरावात राज्याला वाट दाखवली म्हणतात. आता विचार करण्यातही दाखवू या. नाहीतर आपल्या पोरांच्या मोंढ्यात लायब्रेरियनच बसलेला राहील.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.