आमची फियाट भंगारात जाणार नाही

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. आणि तेही घरच्यांशीच, कारण "ती फियाट एकदाची भंगारात दे" म्हणणाऱ्यांत बाहेरचे कमी, काका-मामा-मावश्याच जास्त.

फियाट म्हणजे १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी. जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, मुक्काम खांदा कॉलनी. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगपाशी हात-गिअर, आणि स्वभाव घरातल्या वडीलधाऱ्यांचा: थंडीत चोक ओढून मनधरणी केल्याशिवाय उठायचं नाही. पनवेलच्या पावसात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात ओल शिरली की रुसते. मग कोरडं फडकं, पॉइंटवर पॉलिशपेपरचा एक हात, आणि स्वारी चालू. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात पेट्रोलची वाफ झाली तर पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि दरी बघत बसायचं. (फडक्यावर दुरुस्त होणारी दुसरी गाडी दाखवाच!)

आमच्या भावाच्या नव्या गाडीत नुसता एक पिवळा दिवा लागला तर वर्कशॉपवाले म्हणाले, "अख्खं युनिट बदलावं लागेल." बिघाड काय, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आमच्या मिस्त्रींना इंजिनाच्या आवाजावरून कळतं. आता मला सांगा, जुनाट कोण?

प्रदूषण आणि सुरक्षिततेचा मुद्दा खरा आहे. एअरबॅग नाही, म्हणून मी वेगही तसाच ठेवतो. पण मग धूर मोजा ना, वय कसलं मोजता? १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी पुनर्नोंदणी. एके काळी ६०० रुपयांत व्हायची. २०२४ मध्ये मी ५००० भरले. २०२५ च्या नियमाने २० वर्षांपुढच्या गाडीला १०,००० झालेत, पर्यावरण कर वेगळा. गंमत म्हणजे २०२१ च्या नियमांनुसार हीच गाडी मूळ रूपात पन्नाशी ओलांडेल तेव्हा 'व्हिंटेज' ठरेल! फक्त रोज चालवायची नाही. म्हणजे एक तर भंगार, नाहीतर देव्हाऱ्यात. रोज वापरायची वस्तू म्हणून तिला जागाच नाही.

आणि हो, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद झाल्या तेव्हा फोटो पाठवून गळे काढणारे तुम्हीच होतात. नावं घेत नाही.

असो. कोणाच्या माळ्यावर पद्मिनीच्या डिस्ट्रिब्युटरचं टोपण पडलं असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. मी घ्यायला येतो. फियाटनेच.