तारीख कुणी निवडली?

गोव्याच्या पेडणे तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळेत सकाळी डोकावलं की फळ्याची वरची पट्टी भरलेली दिसते. डावीकडे वार, तारीख, तिथी. मधोमध सुविचार. उजवीकडे पटसंख्या, आणि त्याखाली रंगीत खडूने चौकट आखून दिनविशेष. प्रार्थना संपली की एखादी धीट मुलगी तो खणखणीत आवाजात वाचून दाखवते: जन्म अमक्यांचा, पुण्यतिथी तमक्यांची, अमुक साली अमुक शोध लागला. दुसऱ्या दिवशी डस्टर फिरतं आणि नवी चौकट भरते.

मला ही प्रथा मनापासून आवडते. याच तालुक्यातल्या धारगळच्या मुलाला नेपोलियन आणि अरविंदबाबू एकाच चौकटीत भेटतात, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण त्या ओळी एकीखाली एक अशा लिहिल्या जातात की सगळा योगायोगच वाटावा. या तारखेला हे झालं, तेही झालं, बस्स. कुणी तरी ती तारीख मुद्दाम निवडली होती का, निवडली तर कशासाठी, हा प्रश्न चौकटीत मावत नाही आणि वर्गातही निघत नाही. माझं म्हणणं असं की इतिहास त्या प्रश्नापासूनच सुरू होतो, आणि तो विचारायला पेडणे महालाइतकी चांगली जागा दुसरी नाही.

१५ ऑगस्टच घ्या. छापील दिनविशेषात साधारण हे सापडतं: १७६९ नेपोलियनचा जन्म, १८७२ अरविंद घोषांचा जन्म, १९१४ पनामा कालवा खुला, १९४५ जपानची शरणागती, १९४७ भारत स्वतंत्र, १९७५ ढाक्यात शेख मुजीबुर रहमान यांची हत्या, आणि त्याच दिवशी मुंबईत ‘शोले’ प्रदर्शित. यातल्या बऱ्याचशा ओळींचा एकमेकींशी काही संबंध नाही. १९४५ आणि १९४७ या दोन ओळींचा मात्र सरळ संबंध आहे. ब्रिटिश सरकारने सत्तांतरासाठी जून १९४८ पर्यंतची मुदत ठेवली होती. माउंटबॅटननी ती अलीकडे ओढली आणि १५ ऑगस्ट जाहीर केला, कारण आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांचे सरसेनापती असताना जपानची शरणागती त्यांनी पाहिली होती आणि त्या दिवसाचं दुसरं वर्ष त्यांच्या मनात होतं. ज्योतिषांनी दिवस अशुभ ठरवला, म्हणून संविधान सभा १४ च्या रात्री बसली आणि मध्यरात्र गाठली गेली. म्हणजे आपला स्वातंत्र्यदिन एका परक्या सेनापतीच्या आठवणीतून आला आणि आपल्या पंचांगाने त्याला घड्याळाची वेळ दिली.

त्याच दिवशी अरविंदबाबूंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. आकाशवाणीसाठी दिलेल्या संदेशात त्यांनी याचा उल्लेख केला आणि हा आपण निव्वळ योगायोग मानत नाही, असंही सांगितलं. कलकत्त्यात गांधीजींनी तो दिवस उपवास, सूतकताई आणि प्रार्थनेत घालवला. देशासाठी १५ ऑगस्ट नवा होता. गांधीजींच्या मनात तो पाच वर्षं आधीच कोरला गेला होता, कारण १५ ऑगस्ट १९४२ ला पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, नजरकैदेत असताना, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेले होते. त्यांच्या स्मृतिदिनाचा नेम म्हणून त्या पहाटे गीतेचं पारायण झालं. लाल किल्ल्याच्या चित्राशेजारी ही ओळ मी एकाही शाळेच्या फळ्यावर पाहिलेली नाही.

आता आपल्या महालाकडे येऊ. १७८८ साली सावंतवाडीकडून पेडणे पोर्तुगिजांकडे गेलं. सोयरीक, देवस्थानं, बाजार मात्र बांद्या-सावंतवाडीशी जोडलेलेच राहिले. १९४७ चा १५ ऑगस्ट इथे आलाच नाही. तो पलीकडे झाला, आणि पेडणेकरांनी तो ऐकला. मग जी तारीख आली नाही ती चालत जाऊन आणायची, असं काही माणसांनी ठरवलं.

१५ ऑगस्ट १९५४ ला गोमंतकीय सत्याग्रहींच्या तुकड्या तीन वाटांनी सीमा ओलांडून आत शिरल्या. बिगर-गोमंतकीयांना भारत सरकारने त्या वर्षी अडवलं होतं, त्यामुळे हे सगळे गोव्याचेच. एक तुकडी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली तेरेखोलच्या किल्ल्यात घुसली आणि तिने तिथे तिरंगा चढवला. तेरेखोल नदीच्या उत्तर तीरावरचा हा एवढासा किल्ला, आत सेंट अँथनीचं चर्च, खाली समुद्र. पेडणे तालुक्यात १५ ऑगस्टला फडकलेला तो तिरंगा पोर्तुगिजांनी लगेच उतरवला आणि सत्याग्रहींना पकडून नेलं. पण तारीख आत आली होती.

पुढच्या वर्षी त्याच तारखेला देशभरातून हजारो माणसं सीमेवर जमली. बंगालपासून पंजाबपर्यंतची, कम्युनिस्ट, समाजवादी, जनसंघी, कुठल्याच पक्षाची नसलेली. पुण्यात गोवा विमोचन सहाय्यक समिती हे सगळं जुळवत होती. त्याच वर्षीच्या मे महिन्यात नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट पहिल्या तुकड्या घेऊन गेले होते. १५ ऑगस्ट १९५५ ला भर पावसात, हातात काठीसुद्धा न घेता, बांद्याच्या बाजूने एक तुकडी पत्रादेवीकडे निघाली. पोर्तुगीज सैनिकांनी गोळ्या झाडल्या. पंजाबातल्या लुधियाना जिल्ह्यातल्या इसरू गावचे तरुण शिक्षक कर्नेल सिंग बेनीपाल तिथे पडले. मध्य प्रदेशातल्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन चालल्या होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. त्या वाचल्या आणि दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, सागरमधून लोकसभेवर निवडून गेल्या. तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी गेले. त्या एका दिवसात गोव्याच्या सीमांवर वीसहून अधिक माणसं मारली गेली.

पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. धारगळहून गाडीने अर्धा तासही लागत नाही. पलीकडे अबकारी तपासणी नाका, त्यापुढे महाराष्ट्र. गाड्या नाक्यावर थांबतात, स्मारकाशी थांबत नाहीत. इसरू गावात मात्र दर १५ ऑगस्टला कर्नेल सिंगांसाठी लोक जमतात. पंजाबातल्या त्या गावाला स्वातंत्र्यदिन म्हटलं की पत्रादेवी आठवते. आपल्या मुलांना स्वातंत्र्यदिन म्हटलं की फक्त दिल्ली आठवते, आणि हे मला मनापासून लागतं.

त्या गोळीबाराचे परिणाम पेडण्याने थेट भोगले. भारत सरकारने सामुदायिक सत्याग्रह थांबवला, सीमा बंद झाली, आर्थिक नाकेबंदी आली. पलीकडे दिलेली लेक आणि अलीकडचं माहेर यांच्यामध्ये फाटक उभं राहिलं. हे सहा वर्षं, १९६१ च्या डिसेंबरपर्यंत. एक तारीख निवडल्याची एवढी किंमत या महालाने मोजली, तरी दिनविशेषात तिला जागा नाही.

सत्ताधीशही तारखा जपत असतात, आणि तेही बारकाईने पाहायला हवं. २५ नोव्हेंबर १५१० ला आल्फोन्सो द आल्बुकेर्कने गोवा शहर जिंकलं तो सेंट कॅथरिनचा सण होता. म्हणून जुन्या गोव्याचं से कॅथेड्रल सेंट कॅथरिनच्या नावाचं झालं. एक तारीख दगडात बांधली ती अशी. नेपोलियननेही सम्राट झाल्यावर आपला जन्मदिन, १५ ऑगस्ट, फ्रान्सचा सण करून टाकला.

खरे योगायोगही असतात, आणि ते योगायोग म्हणूनच सांगावेत. १९ डिसेंबर १९२७ ला काकोरी खटल्यातले रामप्रसाद बिस्मिल गोरखपूरला, अशफाकउल्ला खाँ फैजाबादला आणि रोशन सिंह अलाहाबादच्या तुरुंगात फासावर गेले. १९ डिसेंबर १९३४ ला जळगाव जिल्ह्यात प्रतिभाताई पाटील जन्मल्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. या तीन ओळींना एकत्र बांधणारं सूत्र नाही, आणि शिक्षकांनी तसं सांगितलं तर मुलांचं काही बिघडत नाही. उलट ती कुठे दुवा शोधायचा आणि कुठे नाही हे शिकतील.

जन्मदिवसांचंही तेच. डॉ. राममनोहर लोहिया २३ मार्च १९१० ला जन्मले. २१ वर्षांनी त्याच तारखेला लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे राजगुरू फासावर चढले. तेव्हापासून लोहियांनी आपला वाढदिवस साजरा करू दिला नाही. हेच लोहिया तुरुंगातून सुटल्यावर विश्रांतीसाठी असोळण्याला डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांच्या घरी आले आणि १८ जून १९४६ ला मडगावात बंदी मोडून सभेला उभे राहिले. १८ जूनला वॉटर्लूची लढाईही झाली, तीही फळ्यावर येते, येऊ दे. पण वाढदिवस नाकारणारा माणूस आणि मडगावच्या सभेतला माणूस एकच, हे मुलांना कळलं तर १८ जून आणि २३ मार्च या दोन्ही चौकटी जिवंत होतील.

आपल्या घरातल्या जन्मतारखाही या नजरेने बघण्यासारख्या आहेत. सीमेपलीकडे, महाराष्ट्रात, मागच्या पिढीतल्या कितीतरी माणसांचा वाढदिवस १ जून. आईने सांगितलं ‘पाऊस लागायच्या आधी झाला’, आणि गुरुजींनी नाव दाखल करताना शाळेला सोयीची तारीख घातली. ती त्या माणसाला आयुष्यभर पुरली, निवृत्तीसुद्धा तिच्यावरच झाली. इकडे पोर्तुगीज अमदानीत जन्माची नोंद सरकारदप्तरी करण्याचा कायदा होता. एकाच देवीची ओटी भरणाऱ्या दोन बहिणींच्या मुलांपैकी एकाची जन्मतारीख गुरुजींनी ठरवलेली आणि दुसऱ्याची दप्तरात नोंदलेली, असं या सीमेने केलं. आणि दोघांच्याही आजीला विचारलं तर ती पेडण्याच्या पुनवेच्या आगेमागे सांगणार! कोजागरीची ती पुनव कॅलेंडरात दरवर्षी जागा बदलते, तरी गावाचं वर्ष तिच्यावरच मोजलं जातं.

१५ ऑगस्टची आणखी एक ओळ सांगतो, कारण ती धारगळच्या प्रत्येक घरात रोज येते. १५ ऑगस्ट १९७२ ला देशात पिनकोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली त्या दिवशी ४०३ हे आकडे गोव्याच्या पत्त्याला लागले. ज्या पेडण्याचं टपाल आधी पोर्तुगीज शिक्क्याने जात होतं, त्याला देशाच्या नकाशात अंक मिळाला.

धारगळला स्वतःची मोठी तारीखही मिळाली आहे. ११ डिसेंबर २०२२. त्या दिवशी पंतप्रधानांनी मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि धारगळची अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, दोन्हींचं उद्घाटन केलं. पणजीत भरलेल्या जागतिक आयुर्वेद परिषदेचा तो समारोपाचा दिवस होता, म्हणून संस्थेला ती तारीख मिळाली. त्याच दिवशी नागपूरला समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा खुला झाला. दिलीपकुमार यांच्या जन्माला त्या दिवशी बरोबर १०० वर्षं झाली. विश्वनाथन आनंद आणि तमिळ महाकवी सुब्रह्मण्य भारती यांचा जन्मही ११ डिसेंबरचाच. भविष्यातल्या दिनविशेषात हे सगळं सुबक बसेल, आणि धारगळची ओळ ‘विमानतळाचे व आयुर्वेद संस्थेचे उद्घाटन’ एवढीच उरेल.

ती एवढीच उरू नये. मोपाच्या पठारावरून धनगर कुटुंबांना उठावं लागलं. विमानतळाला जोडणारा रस्ता धारगळच्या हद्दीतून फुटला तेव्हा कुणाची काजूची झाडं गेली, कुणाची शेतं गेली, किती जणांनी विरोध केला आणि किती जणांनी खुशीने सह्या दिल्या, हे आज गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ५ जानेवारी २०२३ ला पहिली विमानं उतरली तेव्हा ती पाहायला कोण कोण गेलं, तेही ठाऊक आहे. आयुर्वेद संस्थेच्या बाह्यरुग्ण विभागात गुडघे दाखवायला जाणाऱ्या म्हाताऱ्यांनाही त्या तारखेबद्दल सांगण्यासारखं काही आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेरीस सनबर्न महोत्सव धारगळला झाला, त्यावरून ग्रामसभा पेटली, गावात दोन तट पडले, तोही या गावाचा दिनविशेषच आहे, दोन्ही बाजूंसकट.

माझी मागणी शिक्षकांकडे आहे, आणि पंचायतीकडेही. प्रत्येक शाळेत एक जाड वही घाला, ३६६ पानांची. प्रत्येक पानावर वर तारीख, मग गावाची ओळ, मग तालुक्याची, मग गोव्याची आणि शेवटी जगाची. प्रत्येक ओळीपुढे एक रकाना: हीच तारीख कशी आली? माहीत असेल तर लिहा, माहीत नसेल तर मुलांना विचारायला पाठवा. १५ ऑगस्टच्या पानावर सर्वात वर तेरेखोल १९५४ आणि पत्रादेवी १९५५ येतील, त्याखाली दिल्ली, त्याखाली टोकियो. ११ डिसेंबरचं पान भरायला चौथीच्या मुलांना रस्त्यात जमीन गेलेल्या घरांकडे पाठवता येईल, विमानतळावर कामाला लागलेल्या दादाकडे आणि मोपाहून उठलेल्या धनगर आजीकडेही. सत्याग्रहींना त्या पावसात वाट दाखवणारे, लपवून भाकरी देणारे पेडण्यातले लोक आता फार थोडे राहिले असतील. १५ ऑगस्टचं पान म्हणून आधी भरायला घ्यावं.