जॅकेट नंतर, हेल्मेट आधी


'सुरक्षेची साधनं नवशिक्या दुचाकीस्वाराला परवडत नाहीत' हे गेल्या अंकातल्या पत्रलेखकाचं म्हणणं पटलं नाही. जॅकेट महाग आहे, खरं. पण म्हणून हेल्मेट का अडावं? आयएसआय चिन्हाचं साधं हेल्मेट हजाराच्या आसपास मिळतं. १ जून २०२१ पासून या चिन्हाशिवाय विक्रीला बंदी आहे, तरी रस्त्याकडेला प्लास्टिकच्या पोकळ टोप्या विकतातच. अस्तराखाली बोट दाबून पाहा. थर्माकोलसारखा जाड, कडक थर लागला नाही तर ते घेऊ नका. पट्टा लावून हेल्मेट मागून पुढे ढकला; निघालं तर माप चुकलं. औंढ्याकडे चप्पल घालून सुसाट जाणारी पोरं पाहून जीव घाबरतो. उरलेल्या पैशांत त्यांनी घोटा झाकणारे बूट घ्यावेत, जॅकेट पुढच्या हंगामात.

– एक वाचक, जवळा बाजार, जि. हिंगोली