जिव्हाळा सोडतीवर नको

२०१६चा जपानी ‘पर्सोना ५’ आणि २०२०चा चिनी ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ हे व्हिडिओ गेम दिसायला ॲनिमेच्याच घराण्यातले, पण खेळाडूशी त्यांचा व्यवहार अगदी वेगळा. ‘पर्सोना’ एकदा विकत घेतला की साथीदार कथेतूनच भेटतात. शाळेचे दिवस मोजके, त्यामुळे संध्याकाळ कोणाला द्यायची हे ठरवावे लागते आणि त्या निवडीतून मैत्री घडते. ‘गेन्शिन’मध्ये बहुतेक पात्रे सोडतीतून येतात आणि सोडतीच्या जादा खेपा पैसे देऊन घेता येतात. सर्वांत दुर्मीळ, म्हणजे पंचतारांकित पात्राची मूळ शक्यता दर खेपेला ०.६ टक्के, ९० खेपांत एक नक्की, पण ते हवे तेच असेल असे नाही. खेळ फुकट आहे, पैसे न भरताही कथा पुढे सरकते, हा बचाव खरा आहे. पण पात्राविषयीचा जिव्हाळाच तिथे विक्रीला काढला जातो. म्हणून माझा कौल ‘पर्सोना ५’ला.